कोल्ह्यासाठी निवडलेली काच

ग्रुट्टो परत आले आहेत. काल दुकान बंद करून निघाले तेव्हा अजून उजेड होता, म्हणून हार्लेमच्या बाहेरून, कुरणांमधून जाणारा लांबचा रस्ता घेतला. वारा समोरून होता. इथे तो बहुतेक वेळा समोरूनच असतो. त्या वाऱ्यात ती हाक ऐकू आली. हा पक्षी स्वतःचं नावच ओरडत फिरतो. लांब सरळ चोच, विटकरी छाती, उंच पाय. आफ्रिकेतून, स्पेनच्या भातखाचरांवर थांबत थांबत तो मार्चमध्ये इथे पोचतो आणि ओल्या गवतात, थेट जमिनीवर अंडी घालतो. आपल्याकडे त्याच्या जातभाईला पाणटिवळा म्हणतात. गोदावरीच्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात तो येतो. माझं लहानपण कोपरगावात त्याच नदीच्या काठी गेलं, पण तिथे मी कधी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायला शिकले ती इथे, साथीच्या पहिल्या वसंतात. शिकवलं खेरिटनी.

काल मी सायकलवरून उतरले नाही. हाक ऐकली, पायडल मारत राहिले.

त्या वर्षी मार्चमध्ये सगळं बंद झालं. सुमेध, माझा नवरा, अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या ऑफिसात जायचा. ते ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि तो दिवसभर हेडफोन लावून कुणाकुणाला "तुझा आवाज बंद आहे" असं सांगत बसू लागला. मी पुण्यात ऑप्टोमेट्री शिकलेली, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. लग्नानंतर डिपेंडंट व्हिसावर आले, डच शिकले, परीक्षा दिल्या, आणि हार्लेममधल्या एका चष्म्याच्या दुकानात नुकतीच कायम झाले होते. दुकान पूर्ण बंद नव्हतं, पण गिऱ्हाईक येईना. माणसाच्या श्वासाइतकं जवळ जाऊन त्याच्या डोळ्यात पाहायचं हे माझं काम, आणि त्या दिवसांत लोक नेमके तेवढ्याच अंतराला घाबरत होते. मग मी सायकल काढून कुरणांकडे जायचे. समुद्र मागे सारून काढलेली ती जमीन, इथे तिला पोल्डर म्हणतात. चहूकडे सपाट हिरवं गवत, त्यात पट्टीने आखल्यासारखे पाण्याचे चर, आणि वर न संपणारं आभाळ. माणूस नाही, त्यामुळे मास्कही नाही.

एका फाटकाशी उंच, वाकलेले एक आजोबा बांबूच्या काठ्यांचा भारा घेऊन उभे होते. मी नमस्कार केला तर त्यांनी उलट विचारलं, "डोळे चांगले आहेत का तुझे?"

"माझं कामच डोळ्यांचं आहे," मी म्हणाले.

"मग इथे उभी राहा. तो पक्षी कुठून उठतो ते सांग."

हे खेरिट. जन्मभर गाई पाळलेले शेतकरी. बायको गेल्यावर गाई विकल्या, जमीन शेजाऱ्याला कसायला दिली, पण कुरणांवरचा शिकारीचा हक्क आणि पक्ष्यांची काळजी स्वतःकडे ठेवली. त्यांचं काम साधं होतं. पक्षी उठतो ती जागा हेरायची, तिथे घरटं शोधायचं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडून काठ्या रोवायच्या, म्हणजे गवत कापणारा ट्रॅक्टर तेवढा तुकडा वगळून जातो. मी बांधावर उभी राहून "डावीकडे, अजून डावीकडे, आता दोन पावलं पुढे" असं ओरडायचे आणि ते लांब रबरी बुटांनी चालत जायचे. मग मीही घरट्यात पहिल्यांदा वाकून पाहिलं. ऑलिव्हच्या रंगाची, तपकिरी शिंतोड्यांची चार अंडी, टोकं आत करून एकमेकांना चिकटलेली. माझी डच परीक्षेतली डच होती. ती तोंडात रुळली या कुरणावर. गवत, चिखल, घरटं, वारा, हे शब्द मला कुठल्याही पुस्तकाने शिकवले नाहीत.

मे महिन्यात घरटी रिकामी होऊ लागली. एक, मग शेजारचं, मग रांगेने. टरफलं चावलेली, ओलसर. खेरिटनी एका काठीला छोटा कॅमेरा बांधला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आम्ही चित्र पाहिलं. कोल्हा. राखी-तांबडा, कान टवकारलेला, तोंडात अंडं इतकं अलगद धरलेलं की ते फुटलेलंही नव्हतं.

"किती सुंदर आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आहेच," खेरिट म्हणाले. "म्हणून तर राग येत नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं."

त्या वसंतात आम्ही काठ्या रोवलेल्या घरट्यांतून एकही पिल्लू गवतातून चालत बाहेर आलेलं आम्हाला दिसलं नाही.

हिवाळ्यात दुसरं टाळं लागलं. घरी एकच पाहुणा, असा नियम झाला. खेरिटकडचा एक पाहुणा बहुतेक वेळा मी असायचे. थंडी असूनही खिडकी उघडी, टेबलाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये बंदुकांचे कॅटलॉग पसरलेले. त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेली छऱ्याची बंदूक होती, पण छरे जवळच्या सावजासाठी. कोल्हा तेवढ्या जवळ येतच नाही. त्याच्यासाठी रायफल हवी होती आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप. दुकानं बंद असल्यामुळे बंदूकवाला फोनवरच बोलायचा. खेरिट तास न् तास त्याच्याशी वाद घालायचे आणि मग तो वाद मला समजावून सांगायचे.

मला वाटलं होतं, रायफल निवडायची म्हणजे जोरदार कुठली ते पाहायचं. तसं नव्हतं. या देशात टेकड्या नाहीत. नेम चुकला तर गोळी अडवायला काहीच नाही. ती जात राहते. जात जात कुणाच्या तरी गोठ्यापर्यंत, कुणा सायकलस्वारापर्यंत. म्हणून आधी मचाण बांधायचं आणि वरून खाली मारायचं, म्हणजे गोळी मातीत जाईल. पण बावीसच्या, म्हणजे शिकाऊ लोकांच्या साध्या रायफलची मऊ, संथ गोळी पाण्यावरून किंवा ओल्या जमिनीवरून चेंडूसारखी उसळते, आणि आमच्याकडे दर काही पावलांवर पाण्याचा चर. ती बाद झाली. हरणासाठीची मोठी रायफल कोल्ह्याच्या चिंधड्या करील आणि खांदाही मोडेल, तीही बाद. राहिली दोघींच्या मधली, ट्रिपल टू. हलकी, वेगवान गोळी, आपटली की तिथेच तुकडे होऊन विरणारी. धक्काही इतका कमी की गोळी सुटल्यावर डोळा काचेवरून हलत नाही. आपण काय केलं ते माणसाला दिसत राहतं.

"हा फायदा की तोटा?" मी विचारलं.

"ज्याचा त्याचा," ते म्हणाले.

जाड नळीची रायफल अधिक स्थिर असते, गोळीमागून गोळी झाडली तरी नेम ढळत नाही, असं बंदूकवाल्याचं म्हणणं. खेरिट हसले. "कोल्हा एकच संधी देतो. बाकीच्या गोळ्यांचं वजन मी कशाला वाहू?" त्यांनी बारीक नळीची घेतली. दस्ता प्लास्टिकचा की अक्रोडाचा, यावर आठवडा गेला. समुद्राच्या दमट हवेत लाकूड फुगतं, प्लास्टिकला काही होत नाही. सगळी कारणं प्लास्टिकच्या बाजूने असताना त्यांनी लाकूड निवडलं. पहाटेच्या थंडीत गालाला प्लास्टिक लागलेलं आवडत नाही, एवढंच म्हणाले.

मला त्या गालाची गोष्ट कळली. कॉलेजात असताना छात्रसेनेच्या शिबिरात मी बावीसची रायफल चालवली होती. लाकडाला लागलेला गाल, तेलाचा वास, रोखून धरलेला श्वास. माझा नेम चांगला होता, आणि त्याचं घरी कुणालाही कौतुक नव्हतं. बाबा साखर कारखान्यात फिटर होते. कामावरून आल्यावर मशीनच्या तेलाचे हात राखेने धुवायचे, मग आम्हा भावंडांना बसवून त्रिसरण, पंचशील म्हणायचे. त्यांच्याकडून पहिलं शील मला शब्द कळायच्या आधी पाठ झालं होतं, जीवहत्येपासून दूर राहीन. शिबिरातून आल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "पुठ्ठ्यावर मारलंस ना? मग ठीक."

त्या हिवाळ्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना सांगितलं की मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला स्कोप निवडायला मदत करतेय.

"कशासाठी?"

"कोल्ह्यासाठी. तो पक्ष्यांची अंडी खातो. पक्षी संपत चाललेत, बाबा."

त्यांनी चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला.

"मारणार कोण? तू?"

"नाही. मी फक्त काच बघणार. माझा विषय आहे तो."

"काच नसती तर त्याला कोल्हा दिसला असता का?"

"नसता."

"मग बघ बाई," बाबा म्हणाले. "अंड्यांचं मला समजतं. पण कोल्ह्यालाही पिल्लं असतील." आणि लगेच, जसं ते नेहमी अवघड विषय सोडून द्यायचे तसं, "सुमेध जेवला का?" असं विचारलं.

मी बघितलं. विषय माझाच होता, आणि त्या घरकोंबडं झालेल्या हिवाळ्यात माझ्या शिकलेल्याचा कुणाला उपयोग होतोय याचं सुखही होतं. खेरिटना मोठ्यात मोठी काच हवी होती. मी त्यांना सांगितलं की स्कोपच्या पुढच्या काचेचा व्यास आणि तो वस्तू किती पट मोठी करतो, या दोहोंच्या भागाकारावर डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाची जाडी ठरते. तरुण माणसाची बाहुली अंधारात पुष्कळ उघडते, म्हाताऱ्याची तेवढी नाही. छप्पन्न मिलिमीटरच्या काचेने गोळा केलेला संधिप्रकाश तुमच्या बाहुलीच्या कडेवर सांडून जाईल, खेरिट, पैसे देऊन विकत घेतलेला उजेड आत शिरणारच नाही. आणि फार मोठं करून दाखवणारा स्कोपही नको, कारण मग मूठभर गवत तेवढं दिसतं आणि त्यातून कोल्हा कधी निसटला ते कळत नाही. ते लक्ष देऊन ऐकायचे. एकदा म्हणाले, "माझ्या डोळ्यात मावेल एवढाच उजेड घ्यायचा, असंच ना?"

फेब्रुवारीत बंदूकवाल्याने दोन स्कोप तपासून पाहायला दाराशी ठेवून दिले. संध्याकाळी, संचारबंदीच्या बऱ्याच आधी, आम्ही अंगणातल्या कुंपणावर वाळूची पिशवी ठेवून त्यातून पलीकडच्या गोठ्याकडे पाहिलं. मला दोन्ही उत्तम दिसत होते. फळ्यांतले खिळे मोजता येत होते.

"पहिला धुरकट आहे," खेरिट म्हणाले.

दुसरा दिला.

"हा तर वाकडा आहे. जर्मन काच, एवढी महाग, आणि फळी मध्येच वाकलेली दिसतेय. आतली नेम धरायची फुलीही मध्ये तुटलीय."

मी परत पाहिलं. फळ्या सरळ होत्या. फुली अखंड होती.

"कुठल्या डोळ्याने बघताय?"

"उजव्या. नेम उजव्यानेच धरतात."

मला तिथेच कळलं. दुकानात हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलेलं होतं, दाराची चौकट वाकडी झालीय, टीव्हीतल्या माणसाचं नाक गेलंय. मी त्यांना आत नेलं, चुलीमागच्या पांढऱ्या टाइल्ससमोर उभं केलं, डावा डोळा हाताने झाकायला सांगितला आणि मधल्या एका टाइलवर बोट ठेवलं.

"माझ्या बोटाकडे पाहा. आजूबाजूच्या रेषा कशा दिसतात?"

ते खूप वेळ पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "तुझं बोटच नाही तिथे."

स्कोप चांगला आहे, खेरिट, असं मला सांगावं लागलं. दोन्ही चांगले आहेत. ते खुर्चीत बसले. उघड्या खिडकीतून गार वारा येत होता आणि कॅटलॉगची पानं उलटत होती. मी काही वाक्यं बोलले, फॅमिली डॉक्टर, चिठ्ठी, लवकर दाखवा, जशी आम्ही बोलतो तशी. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे.

"दुसरी एखादी काच," त्यांनी विचारलं, "ज्यातून ते मधलं परत दिसेल?"

"नाही."

तपासणीची वेळ मिळायला आठवडे लागले. सगळ्यांनाच लागत होते. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध व्रण धरला होता, बहुधा आदल्या वर्षीपासून. तेव्हा ते संसर्गाच्या भीतीने कुठेच गेले नव्हते, आणि दोन्ही डोळे उघडे असताना डावा सगळं सांभाळून घेत होता. आता उजव्यासाठी करण्यासारखं काही नव्हतं. डाव्यातही सुरुवात दिसत होती. लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. या धंद्यात लक्ष ठेवू म्हणजे काय, ते मी खेरिटना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मला वाटलं रायफलचा विषय संपला. संपला नव्हता. रायफल आली, तिच्यावर पहिलाच, कमी महागाचा स्कोप बसला, आणि खेरिट गोठ्यात उभे राहून रिकामी रायफल डाव्या खांद्याला लावायला शिकू लागले. साठ वर्षं उजव्या खांद्याने केलेली गोष्ट. गाल चुकीच्या बाजूला, गोळी भरायचा खटका ओढायला हात वरून पलीकडे न्यायचा. लहान मूल डाव्या हाताने लिहायचा प्रयत्न करतं तसे दिसायचे.

"दुसऱ्या कुणाला सांगा ना," मी एकदा म्हणाले.

"कुणाला? तरुण पोरं जर्मनीत रानडुकरांमागे जातात. एका कोल्ह्यासाठी पहाटे गारठत कोण बसतं?" मग रायफल खाली ठेवून म्हणाले, "एक वर्ष. एका वर्षी तरी पिल्लं उडालेली बघायची आहेत मला. अजून दिसतंय तोवर."

त्यांचा स्वतःचा एक नियम होता. वसंतात मादीवर गोळी नाही. कायदा काही म्हणो. मादीला पिल्लं असतात, ती बिळात वाट पाहत मरतात. आदल्या वर्षी कॅमेऱ्यात आलेला कोल्हा नर होता, हे त्यांनी पुन्हा पुन्हा चित्र पाहून नक्की केलं होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी, नुकतं फटफटलं असताना, मी त्यांच्याबरोबर मचाणावर बसले. दोघांनी मास्क लावले होते, पण माझ्या दुर्बिणीवर वाफ यायला लागली म्हणून मी तो खाली ओढला. गवतावर धुकं होतं. ग्रुट्टो ओरडत नव्हते, घरट्यांवर बसले होते. त्या वर्षी घरटी आदल्या वर्षीपेक्षा कमीच होती. बराच वेळ काही झालं नाही. मग चराच्या काठाने काहीतरी तांबूस सरकलं.

"डावीकडे," मी कुजबुजले. "फळकुटाच्या पुलाच्या अलीकडे. आपल्याकडेच येतोय."

खेरिटनी डाव्या डोळ्याने शोधलं. "सापडला," ते म्हणाले. "नर का मादी?"

"कळत नाही. गवत पोटापर्यंत आहे."

"चेहरा रुंद आहे का?"

मी पाहिलं. चेहरा ओला होता, नाक जमिनीला लागलेलं. रुंद म्हणजे किती रुंद, ते मला कुठे माहीत होतं.

"मला नाही सांगता येत, खेरिट."

त्यांनी थांबून पाहिलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. कोल्हा आमच्या काठ्यांच्या दिशेने वळला आणि एका काठीपाशी थबकला. एक ग्रुट्टो ओरडत उठला. तेव्हा त्यांनी गोळी झाडली. आवाज एवढा कोरडा आणि लहान होता की मला वाटलं फांदी मोडली. कोल्हा तिथेच बसल्यासारखा झाला आणि मग आडवा पडला.

आम्ही चालत गेलो. खेरिट वाकले, उजवा हात त्याच्या पोटावरून फिरवला आणि तो तिथेच राहिला. पोटावरची लव झडलेली होती. आचळं दुधाने भरलेली होती. ते गुडघ्यांवर बसले, आणि एवढा उंच माणूस गवतापेक्षा लहान दिसू लागला.

"पूर्वी मला चालीवरून कळायचं," ते म्हणाले.

आम्ही त्या दिवशी दुपारपर्यंत बीळ शोधलं. पवनचक्कीमागचा बांध, रेल्वेचा भराव, पडक्या कांदाघराचा चौथरा. ते दर ठिकाणी खाली वाकून कान देत होते. ऐकू चांगलं येतं मला, म्हणाले. बीळ सापडलं नाही. कुठे तरी मातीखाली पिल्लं वाट पाहत असतील, आणि ती कुठे आहेत ते माहीत असलेली एकटी आई आमच्या सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात होती.

पंधरवड्याच्या आत घरटी तरीही लुटली गेली. या वेळी कावळे, आणि बहुतेक मुंगसासारखा दिसणारा एक बारका प्राणी, ज्याला मारायला इथे परवानगी नाही. कॅमेऱ्यात नुसती शेपटी आली. खेरिट ते चित्र नीट पाहू शकले नाहीत. मी सांगितलं, तेव्हा मान हलवली.

त्याच दिवसांत दादाचा, माझ्या भावाचा, फोन आला. बाबांना ताप होता, मग खोकला, मग ऑक्सिजन ब्याऐंशीवर. नगरला एका दवाखान्यात बेड मिळाला, दुसऱ्या दिवशी तिथला ऑक्सिजन संपत आला म्हणून दादा सिलिंडरच्या रांगेत उभा राहिला. मी तिकीट पाहायला बसले तर भारतातून इथे येणारी विमानं बंद झालेली. जाता आलं असतं कदाचित, परत येता आलं नसतं. सुमेध म्हणाला, "तू जा. पुढचं पुढे बघू." आम्ही ते ठरवत होतो तोवर बाबा गेले. दादाने फोनवर सांगितलं की त्यालाही लांबूनच पाहावं लागलं. पिशवीत बांधून दिलं होतं. चेहरा दाखवला नाही.

कोल्ह्याचं मी बाबांना सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी सांगेन म्हणत होते.

सातव्या दिवशी संध्याकाळी नातेवाईक स्क्रीनवर जमले. छोट्या छोट्या चौकोनांत मावश्या, काका, आतेभाऊ, कुणाचा नुसता माथा, कुणाचा पंखा. दादाने मेणबत्ती लावली आणि त्रिसरण सुरू केलं. सगळे आवाज मागेपुढे येत होते, एकमेकांत गुंतत होते. पहिल्या शीलापाशी माझं तोंड बंद झालं. सुमेध शेजारी म्हणत राहिला. बाकीची चार शीलं मी म्हटली.

दोन दिवसांनी दारावरची घंटा वाजली. खेरिट सायकलवरून एवढ्या लांब आले होते, त्या डोळ्यांनी. पायरीवरून दोन हात मागे जाऊन उभे राहिले, टोपी हातात. इथे माणूस गेला की हात हातात घेऊन सांत्वनाचा एक शब्द म्हणायची रीत आहे. तो शब्द हाताशिवाय म्हणायचा नसतोच. त्यांनी तो म्हटला, त्यांचा उजवा हात थोडा पुढे आला, थांबला, आणि टोपीवर परत गेला.

"किती वर्षांचे होते?"

"अडुसष्ट."

"लहान होते," ऐंशीला टेकलेले खेरिट म्हणाले. सुमेधने चहा आणून पायरीवर ठेवला. उभ्या उभ्या त्यांनी तो सगळा प्यायला, साखर घातलेला, जो त्यांना आवडत नसे.

उन्हाळ्यात त्यांनी स्वतःहून शिकारीचा परवाना परत केला. बंदूकवाला येऊन रायफल घेऊन गेला, वडिलांची छऱ्याची बंदूकही. अक्रोडाच्या दस्त्यावर अजून एक ओरखडा नव्हता. बंदूकवाला म्हणाला, जवळजवळ नवीच आहे, लगेच जाईल. त्याने स्कोप काढला, काचेवर फुंकर मारून पुसली आणि तो मऊ कापडात गुंडाळला. खेरिट खिडकीकडे तोंड करून बसले होते. घर पुढच्या वर्षी विकलं. त्यांची मुलगी एनस्खेडेला विद्यापीठात असते, ती त्यांना घेऊन गेली.

या फेब्रुवारीत मी त्यांना भेटायला गेले. पाचव्या मजल्यावरचा स्वच्छ, उबदार फ्लॅट, खाली विद्यार्थ्यांच्या सायकलींची रांग. आता डाव्या डोळ्याचंही मधलं गेलं आहे, कडेकडेचं राहिलंय. त्यामुळे माझ्याकडे पाहायचं असलं की ते तोंड दुसरीकडे फिरवतात. मी टेबलाच्या या बाजूला बसले होते आणि ते भिंतीकडे पाहत माझ्याशी बोलत होते, मी त्यांना नीट दिसावी म्हणून. अशी माणसं मी रोज तपासते. भिंग देते, मोठ्या अक्षरांचं वाचायला शिकवते. तिथे बसून मला त्यातलं काही सांगावंसं वाटलं नाही.

मुलगी कामावर गेली होती. मी कॉफी केली. कुरणाचा विषय त्यांनीच काढला.

"मी बसल्या बसल्या विचार करत असतो. आपण घरट्यांकडे रोज चालत जायचो. गवत दबायचं. पायवाट पडायची. आपल्या बुटांचा वास. आणि घरट्यापाशी काठ्या." ते थांबले. "ती मादी आठवते? ती काठीपाशीच थांबली होती."

मला आठवत होतं.

"तिला काठीचा अर्थ कळला होता," ते म्हणाले. "आपणच शिकवलं असेल."

"नक्की माहीत नाही ना पण, खेरिट. कुणालाच नक्की माहीत नाही."

"नाही. नक्की नाही." त्यांनी कप चाचपून उचलला. "मार्च येईल आता. तू जाणार आहेस काठ्या घेऊन?"

"घरटी राखणाऱ्या गटातल्या लोकांनी विचारलंय."

"जाऊ नकोस. सोड त्या पक्ष्यांना."

"सोडलं तर वाचतील?"

त्यांनी माझ्याकडे पाहण्यासाठी तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर पाऊस होता, बारीक, आडवा.

"नाही," ते म्हणाले. "पण निदान आपण नसू तिथे."

मी कप धुवून पालथे घातले, त्यांचा हात हातात घेतला, आणि गाडी गाठायला निघाले.